मुलांसमोर आधी वस्तू ठेवा : मराठवाड्यातल्या चित्रकला शिक्षकांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या सर्व सर आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी डिझाईनच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे ज्याला फाउंडेशन म्हणतात त्या वर्गाला, ड्रॉइंग शिकवते. माझी शाळा परभणी जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, म्हणजे सरकारच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, मी तिथूनच दिल्या. दरवर्षी नवी बॅच आली की तिच्यात बीड, जालना, हिंगोली, नांदेड, धाराशिव इकडची मुलं असतातच. ती तुमच्या हाताखालून आलेली असतात. म्हणून हे पत्र मी मंत्रालयाला किंवा संचालनालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. धोरणं वरून येतात, पण लेकराच्या हातात पहिली पेन्सिल तुम्ही देता.

माझं मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. मुलांना चित्रावरून चित्र काढायला लावू नका. त्यांच्यासमोर वस्तू ठेवा. साधी, घरातली, शेतातली, रोज हाताळलेली वस्तू. बाकीचं सगळं पत्र याच्या पाठीमागची कारणं आणि ते कसं जमेल याबद्दल आहे.

पहिल्या आठवड्यात मी मुलांना तांब्या काढायला सांगते. आधी समोर काही न ठेवता, आठवून. मग टेबलावर पितळी तांब्या ठेवते आणि तोच पुन्हा काढायला लावते. आठवून काढलेल्या तांब्याचं तोंड बहुतेक कागदांवर दोन कमानी एकमेकींना चिकटवल्यासारखं येतं, दोन्ही बाजूंना टोकं असलेलं. तळ मात्र सरळ रेघेचा. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: टेबल सपाट आहे ना मॅडम, मग तळ सपाटच असणार. उत्तर चुकीचं नाही. तळ सपाट आहेच. पण तो तसा दिसत नाही. आपल्या नजरेच्या रेषेखाली ठेवलेलं कुठलंही वर्तुळ लंबवर्तुळ दिसतं, आणि ते जितकं खाली जाईल तितकं जास्त उघडं, जास्त गोल दिसतं. म्हणजे तांब्याच्या तोंडापेक्षा तळाचा बाक जास्त गोल यायला हवा. मुलं नेमकं उलटं काढतात. आणि लंबवर्तुळाला टोकं कुठेच नसतात, कडेलाही ते वळतच असतं.

हे मी फळ्यावर सांगितलं तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून मी त्यांना तांब्यासमोर उभं करते, मग खुर्चीवर बसवते, मग खाली फरशीवर. प्रत्येक वेळी तोंडाचं लंबवर्तुळ किती उघडतं आणि किती मिटतं ते बघायचं. फरशीवर बसून तांब्याचं तोंड बरोबर डोळ्यांच्या पातळीत आलं की ते एका सरळ रेघेएवढं उरतं. गेल्या बॅचमधला एक मुलगा तिथंच थांबला. तो मान जराशी वर नेऊन पुन्हा खाली आणत राहिला, तोंड उघडतंय, मिटतंय, हे बघत. बाकीची मुलं पुढच्या कामाला लागली तरी हा बसूनच. त्या दिवशीनंतर त्याला यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, वेगळं शिकवावं लागलं नाही. नजरेची रेषा म्हणजे काय ते त्याला कळलं होतं, आणि पुढचे लोपबिंदू (दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथं मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) आणि पेट्या सगळं त्याच एका समजेतून येतं.

तांब्याबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्था, उभी राहिली. भारतात फिरून पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी सगळ्यात वर ठेवला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. असा लोटा नव्यानं करायचा झाला तर काय काय विचारात घ्यावं लागेल, याची यादीच त्यांनी दिली: त्यात पाणी किती मावावं, तो उचलायचा कसा, डोक्यावर की कमरेवर की हातात, भरलेला असताना तोल कुठे राहतो आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किंमत किती. देशातल्या डिझाईन शिक्षणाच्या मुळाशी ही वस्तू आहे, आणि ती आपल्या प्रत्येक मुलाच्या घरात आहे. तिच्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

आता ग्रेडबद्दल. केज तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली, इंटरमिजिएटला ए ग्रेड. हात सफाईदार, रंग भरणं स्वच्छ, वेळ पाळणारी. स्मरणचित्र म्हणून तिनं आठवडी बाजार काढला. मी दुसऱ्या दिवशी तिला बसस्थानक काढायला दिलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर डोक्यावर टोपली घेतलेली तीच बाई दोन्हीकडे होती, त्याच कोनात, त्याच पदरासह. पाठमोरा फेटेवालाही तोच. मग मी तिला तिच्या पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवायला सांगितलं आणि तिचं चित्र काढायला सांगितलं. बराच वेळ कागद कोरा राहिला. तिला चप्पल दिसत होती, पण सुरुवात कुठून करायची हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिनं वर्गातल्या कितीतरी मुलांना मागे टाकलं, कारण मेहनतीची सवय तिला होतीच. पण ते महिने तिला फार जड गेले. आपल्याला ड्रॉइंग येतच नाही असं ती दोनदा मला म्हणाली, ए ग्रेड असलेली मुलगी.

यात दोष परीक्षेचा नाही, असं मला मनापासून वाटतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीची रचना), भूमिती आणि अक्षरलेखन हे पेपर ज्यांनी ठरवले त्यांनी डिझाईनच्या विद्यार्थ्याला लागणारा जवळजवळ सगळा पाया त्यात घातला आहे. डोळ्यांनी पाहिलेलं मनात साठवून कागदावर आणता यावं, एवढीच स्मरणचित्राची अपेक्षा आहे. आपण मात्र ते गाईडमधलं चित्र पाठ करण्याचा पेपर करून टाकला. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक त्यासाठी मागे लागतात, मुख्याध्यापकांना निकाल हवा असतो, आणि आठ-दहा ठरलेल्या रचना घोटून घेतल्या की ग्रेड येते. यात तुमच्यावर येणारा दाब मला माहीत आहे. आठवड्याला एक तास, वर्गात साठ-सत्तर मुलं, ड्रॉइंगची वेगळी खोली नाही, आणि दहावीच्या वर्गाचा तास तर गणितासाठी मागून घेतलेला. स्नेहसंमेलनाचा पडदा, पंधरा ऑगस्टचं फलकलेखन, पाहुणे आले की रांगोळी, हे सगळं तुमच्याच अंगावर. शंभरावर मुलं असलेल्या शाळेत सहावी ते आठवीच्या कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तरीही मी मागते आहे, कारण वस्तू समोर ठेवायला खोली लागत नाही आणि पैसाही लागत नाही. साठ मुलांसाठी एक वस्तू पुरत नाही हे खरं. म्हणून प्रत्येकानं घरून एक आणायची, चौघाचौघांच्या मध्ये एक ठेवायची. अडकित्ता, कंदील, खलबत्ता, सायकलचं पायडल, नळाची तोटी, विळी. चौघांच्या कागदांवर तीच विळी चार प्रकारे उमटते, कारण चौघं चार बाजूंना बसलेले असतात. शेजाऱ्याचं बघून काढायची सोयच राहत नाही.

आपल्या भागात तर निसर्गानं आणि दुष्काळानं मिळून ड्रॉइंगचे धडे रस्त्यावर मांडून ठेवले आहेत. टँकरची वाट बघत रांगेत लावलेल्या घागरी, हंडे, प्लास्टिकचे ड्रम बघा. पायाजवळची घागर वरून दिसते, तिचं तोंड जवळजवळ गोल. दहा पावलं पुढची घागर, तिचं तोंड चपटं. त्याच्याही पुढची अजून चपटी. लंबवर्तुळ अंतरानुसार कसं मिटत जातं हे मी बोर्डवर तासभर समजावते, आणि जे मूल रोज त्या रांगेत उभं राहतं ते एका वहीच्या पानात समजून घेऊ शकतं. घागर आपण कशी उचलतो, काठाखाली बोटं कशी जातात, कमरेवर टेकवताना मनगट कुठे वळतं, हे काढायला लावा. उद्या डिझाईनला गेल्यावर त्या मुलाला विचारणार आहेत की पाणी वाहून नेण्याचं साधन कसं सुधारशील. त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या लेकरांच्या अंगात आहे. ते कागदावर उतरवता आलं पाहिजे, एवढंच.

बैलगाडीचं चाकही तसंच. चाक तिरकं दिसतं तेव्हा त्याचं लंबवर्तुळ कुठे कललेलं काढायचं, यात मोठी मुलंही गडबडतात. नियम सोपा आहे: लंबवर्तुळाचा लहान अक्ष चाकाच्या आखाच्या रेषेत येतो. आधी आख काढा, त्याला काटकोनात मोठा अक्ष घ्या, मग चाक. एकदा हे बसलं की सायकल, रिक्षा, मिक्सरचं भांडं, बाटलीचं झाकण, सगळ्याला हाच नियम लागतो. आरे आणि लोखंडी धाव नंतर भरता येते. सुतारकाम आणि लोहारकाम अजून चालू असलेलं एखादं गाव जवळ असेल तर मुलांना तिथं घेऊन जा. चाक जुळवणारा माणूस आख आणि चाकाचं नातं तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं जाणतो.

खोडरबराबद्दल मी जरा आग्रही आहे. शाळेतून आलेलं मूल एकच चित्र काढतं आणि ते खोडत-खोडत पूर्ण करतं. कागदाचा पापुद्रा निघतो, पण दुसरा कागद घेत नाही. डिझाईनमध्ये पहिल्या दिवसापासून उलटं मागितलं जातं. एका कल्पनेची वीस छोटी चित्रं काढ, काडेपेटीएवढी. चांगली नको, वेगवेगळी हवीत. मराठवाड्यातली मुलं इथं घाबरतात, कारण कागद वाया घालवायचा नाही हे त्यांच्या घरानं शिकवलेलं असतं, आणि ते योग्यच शिकवलं आहे. म्हणून एका बाजूनं कोरे असलेले जुने छापील कागद, परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या, हिशेबाच्या जुन्या वह्या शाळेत जमवा. त्यांच्यावर बॉलपेननं काढू द्या. पेननं काढलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून मूल रेघ ओढायच्या आधी बघतं. चुकली तर शेजारी दुसरी ओढतं. दोन्ही रेघा राहू द्याव्यात. कार्ट्रिज पेपर आणि पोस्टर कलर परीक्षेच्या सरावाला ठेवा.

तसंच रेघ मनगटातून न ओढता खांद्यातून ओढायची सवय. बोर्ड उभा टेकवायचा, हात लांब ठेवायचा, पेन्सिल आडवी धरायची. मोठी लंबवर्तुळं, मोठे बाक अशाच हातानं येतात. लहानपणी पाटीवर मोठं लिहिणारी मुलं नंतर वहीच्या रेघांत आखडतात. चित्रकलेच्या तासाला तरी त्यांचा हात मोकळा होऊ द्या. मोजण्यासाठी हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ती शिकलेले किंवा शिकलेल्या आहात. ती मुलांना शिकवा. तांब्याचं तोंड त्याच्या उंचीत किती वेळा बसतं हे एकदा मोजलं की अंदाजानं काढलेलं प्रमाण किती चुकतं ते त्यांना स्वतःलाच दिसतं. आणि छायाप्रकाश काढताना डोळे बारीक करायला सांगा. डोळे बारीक केले की बारकावे नाहीसे होतात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. मुलांनी आधी ते तुकडे मांडावेत.

आता घनभूमिती. हा भाग बहुतेक शाळांत सर्वांत कंटाळवाणा समजला जातो, आणि आमच्याकडे पहिल्या वर्षी सर्वांत जास्त कामाला येतो. वस्तूची समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन दृश्यं आखता येणं ही प्रॉडक्ट डिझाईनची रोजची भाषा आहे. पण पेपरमध्ये शंकू, लोलक आणि घन हेच ठोकळे वर्षानुवर्षं आखून मुलांना वाटतं की हे फक्त मार्कांसाठी आहे. त्याच पद्धतीनं एकदा चहाचा कप आखून घ्या. काकडी आडवी, उभी आणि तिरकी कापून छेद कसे वेगळे येतात ते बघू द्या. टूथपेस्टचा खोका उलगडून सपाट करा आणि तो कुठे दुमडला, कुठे चिकटवायला पट्टी सोडली आहे ते आखून घ्या, मग पुठ्ठ्याचा तसाच नवा खोका करायला लावा. पट्टी कुठं सोडायची हे चुकलं की खोका बंद होत नाही. एनआयएफटी या फॅशन शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रवेशात दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवायची वेगळी चाचणी असते. खोके उघडून-मिटवून बघितलेलं मूल तिथं गोंधळत नाही.

संकल्पचित्राबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथं आपण श्रीमंत असून गरिबासारखे वागतो. बहुतेक संकल्पचित्रांत मी तेच फूल, तेच पान, तेच फुलपाखरू बघते. आणि हे अजिंठ्याच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलांच्या कागदावर.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं १८७२ ते १८८५ या काळात, दरवर्षी हंगामात, जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींच्या आणि छतांच्या प्रती काढत होती. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांच्यात होते. म्हणजे या राज्यात कलाशिक्षण रुजत होतं तेव्हा मुंबईची मुलं शिकायला आपल्याकडे येत होती. आज आपली शाळेची सहल अजिंठ्याला जाते, मुलं पद्मपाणीसमोर रांगेतून पुढे सरकतात आणि बसमध्ये येऊन बसतात. छताकडे फार कमी जण बघतात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांची छतं बघा. पहिल्यात छताचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकात वेगळं काही: कमळ, फळ, पक्षी, प्राणी. दुसऱ्यात वर्तुळ चौकोनात बसवलं आहे, आणि वर्तुळाच्या बाहेर उरलेले चार कोपरे रिकामे न सोडता त्यांत आकृत्या बसवल्या आहेत. तिथं काढलेल्या आकाराइतकंच लक्ष मधल्या मोकळ्या जागेला दिलं आहे. पहिल्या वर्षात आम्ही यालाच निगेटिव्ह स्पेस म्हणून शिकवतो आणि परदेशी पोस्टरांची उदाहरणं देतो. आपल्या मुलांना ते मान वर करून बघता येईल.

पुढच्या सहलीला एक करा. प्रत्येक मुलाला वही-पेन्सिल द्या आणि छताचा एकच चौकोन काढून आणायला सांगा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून तारीख ठरवा. वर्गात परत आल्यावर साठ मुलांचे साठ चौकोन शेजारीशेजारी भिंतीवर लावा. त्यातून संकल्पचित्र शिकवायला सुरुवात करा.

सगळ्यांना अजिंठा जवळ नाही, हे कळतं. पण जालन्याच्या मुलांना अन्व्याचं मंदिर आहे, हिंगोलीला औंढा, नांदेडला होट्टल, परभणीला धारासूर, धाराशिवला तेरचं संग्रहालय. या मंदिरांच्या बाहेरच्या भिंती सरळ नाहीत, कोन बाहेर येतात आणि आत जातात, म्हणून त्यांच्यावर ऊन-सावलीचे उभे पट्टे पडतात. सकाळी आठ वाजता आणि बारा वाजता तीच भिंत काढून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शाळांना तर बीबी का मकबरा घरचाच. तिथं कबरीभोवती संगमरवराच्या कोरीव जाळ्या आहेत. कर्तव्य भूमितीत आपण शिकवतो की वर्तुळाच्या त्रिज्येएवढाच कंपास ठेवून परिघावर चाप मारत गेलं तर सहा भाग पडतात आणि षटकोन मिळतो. तिथून जाळीपर्यंतचा रस्ता फार लांब नाही. जाळीतला एकच घटक शोध, तो कुठल्या आकारात बसतो आणि पुढे कसा सरकत जातो ते कंपासनं आखून दाखव, असं मुलांना सांगा. पैठणीच्या काठावरचा मोर किंवा मुनियाही असाच बघता येईल. विणकर धागे मोजून तो उभा करतो, त्यामुळे त्याच्या बाकाला पायऱ्या असतात. आलेख-कागदावर चौकोन भरून तो मोर काढला की मुलांना कळतं की साधन बदललं की आकार बदलतो.

रंगाबद्दल थोडंच सांगते. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा, आणि बाहेरून आलेला निळा, एवढेच मुख्य रंग होते. मुलांच्या हातात बारा बाटल्यांचा संच देण्याऐवजी तीन रंग आणि पांढरा द्या आणि काळ्या रंगाची बाटली बाजूला ठेवा. मग त्यांना काळी माती रंगवायला सांगा, एकदा कोरडी आणि एकदा पाऊस पडल्यावरची. काळी माती काळी नसते, हे आपल्या मुलांच्या पायांना ठाऊक आहे, डोळ्यांना नाही. निळ्यात तपकिरी थोडा-थोडा मिसळत ती किती राखाडी होते, ओली झाली की किती गडद होते, हे शोधताना त्यांना रंगाची छटा कळते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात, तेव्हा भेगांच्या रेघा काढू नका, भेगांच्या मधले तुकडे काढा, असं सांगून बघा.

पालक तुम्हाला आणि मला दोघांनाही एक प्रश्न विचारतात. आता मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की चित्र तयार होतं, मग हे हातानं कशासाठी? पहिल्या वर्षाला लॅपटॉप कोणता घ्यायचा, हाही त्यातलाच. मी त्यांना सांगते की लॅपटॉपची घाई करू नका. पहिल्या वर्षी हातानं काढायचं असतं ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी कमी आणि स्वतःला समजून घेण्यासाठी जास्त. हँडल कपाला कुठे जोडलं आहे ते काढायला गेलं की कळतं आपण तो जोड कधी नीट बघितलाच नव्हता. तयार चित्रात तो जोड चुकलेला असेल तरी ज्यानं कधी कप काढला नाही त्याला ती चूक दिसणार नाही. यूसीडसारख्या, म्हणजे आयआयटींच्या डिझाईन अभ्यासक्रमाच्या, प्रवेश परीक्षेतही एक भाग अजून कागदावर हातानं काढायचा असतो, आणि राज्याच्या एएसी सीईटीत, म्हणजे कला महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचे प्रत्यक्ष पेपर असतात. मोठ्या शहरातल्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही, अशा घरांतल्या मुलांसाठी शाळेतला चित्रकलेचा तास हाच एकमेव क्लास आहे. तो गणिताला जाऊ देऊ नका, असं तुमच्या वतीनं मी मुख्याध्यापकांनाही या पत्रातून विनंती करते.

शेवटचं एक मागणं आहे. बारावीनंतर एखादं मूल डिझाईनला किंवा उपयोजित कलेला जायला निघालं की तुम्ही त्याची चांगली चित्रं निवडून पोर्टफोलिओ लावून देता. त्या पोर्टफोलिओत त्याची एक कच्ची वहीही ठेवा. पेननं काढलेली, चुकलेली, चहाचे डाग पडलेली, पानावर तारीख टाकलेली. आठवी-नववीपासूनची असेल तर फारच चांगलं. कुणाकडे सफाई आहे हे मला चांगल्या चित्रांवरून कळतं, पण मूल बघायला कधी लागलं आणि कुठे अडतं हे फक्त त्या वहीतून कळतं, आणि मला शिकवायला तिथूनच सुरुवात करायची असते. या वर्षीच्या नववीच्या मुलांना शाळा सुरू होताच ती वही करायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीत मी परभणीकडे असते. आसपासच्या शाळांतल्या ज्या कुणाला ती वही घेऊन मुलांसह यायचं असेल, त्यांच्यासोबत बसून बघायला मला मनापासून आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फाउंडेशनच्या वर्गाला ड्रॉइंग शिकवणारी, परभणी जिल्ह्यातल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी